नमुना उकिरड्याजवळचा घेऊ नका



उन्हाळी नांगरट उरकली, ढेकळं तापतायत. या आठवड्यात मातीचे नमुने काढून तालुक्याला पाठवायचे आहेत. त्यातच दहावीचा निकाल लागला. त्यामुळं मला येणारे निम्मे फोन बियाण्याचे आहेत आणि निम्मे पोरांचे. "पोराला पंचावन्न टक्के पडले, आयटीआयला टाकू का?" "कोणता ट्रेड घेऊ?" "पोरगी आहे, शिवणकामाशिवाय दुसरं काही मिळंल का?"

म्हणून आजची नोंद पिकाची नाही, पोरांच्या हाताच्या शिक्षणाची आहे. आयटीआय, कृषी तंत्र पदविका, तीन-तीन महिन्यांचे कौशल्याचे कोर्स, हे सगळं त्यात आलं. हे कोर्स कुणासाठी, हे आपल्याला माहीत आहे. ज्यांच्याकडं डॉक्टर-इंजिनिअरच्या क्लासला पैसे नाहीत त्यांच्यासाठी. पण काय शिकवायचं, कधी शिकवायचं, किती पैसे द्यायचे, हे जिथं ठरतं तिथं त्या पोरांना कुणी विचारतं का? मी गेलं वर्षभर या गोष्टीचा माग काढतोय. जे दिसलं ते लिहितो.

मागच्या वर्षी मार्चमध्ये तालुक्याच्या गावी एका बैठकीला मला प्रगतिशील शेतकरी म्हणून बोलावलं होतं. विषय होता, आपल्या भागात तरुणांसाठी कोणते नवे कोर्स काढावेत. खोलीत आम्ही सतरा जण. अधिकारी होते, प्राचार्य होते, दोन कंपन्यांची माणसं होती, संस्थाचालक होते, एक पत्रकार होता. बोलणं ड्रोनवर आलं. ड्रोन चालवायचा कोर्स काढू म्हणाले. ड्रोन चांगलाच आहे, मी स्वतः भाड्यानं बोलावून सोयाबीनवर फवारणी करून बघितली आहे. पण आमच्या मंडळात कोर्स करून बाहेर पडलेली वीस पोरं ड्रोन आणणार कुठून, हे कुणी विचारलं नाही. मी एवढंच म्हणालो, "साहेब, ज्यांना शिकायचंय त्यातलं एक तरी पोरगं इथं पाहिजे होतं." त्यावर उत्तर आलं, "त्यांना काय विचारायचं तात्या, त्यांना अजून काय कळतंय?"

बोलणारा माणूस वाईट नव्हता. चांगल्या मनानंच बोलला. पण या एका वाक्यात सगळं दुखणं आहे.

एक उदाहरण देतो. आपल्या राज्यात सरकारी आयटीआयच्या गरीब पोरांना महिन्याला विद्यावेतन मिळायचं. किती? ४० रुपये. दिवसाला नाही, महिन्याला. जवळपास चाळीस वर्षं ते ४० रुपयेच राहिलं. २०२३ साली मंत्रिमंडळानं ते ५०० केलं, तेव्हा कुठं आकडा हलला. या चाळीस वर्षांत कापसाचा भाव किती वेळा बदलला, डिझेल कुठून कुठं गेलं, अधिकाऱ्यांचे किती वेतन आयोग झाले! मग ४० रुपये का हलले नाहीत? कुणाच्या मनात पाप होतं असं मी म्हणत नाही. ज्याला त्या ४० रुपयांत महिना काढायचा होता, तो त्या टेबलापाशी बसलेला नव्हता, एवढंच. टेबलापाशी बसलेल्यांपैकी कुणालाच तो आकडा टोचत नव्हता. न टोचणारा काटा कोण काढतो?

आता कुणी म्हणेल, पोरांना जागा द्यायचा नियमच नसेल. तर तसं नाही. २००७-०८ सालापासून केंद्र सरकारनं देशातल्या १३९६ सरकारी आयटीआय सुधारायची एक योजना काढली. प्रत्येकाला अडीच कोटींपर्यंत बिनव्याजी कर्ज, आणि कारभार बघायला एक संस्था व्यवस्थापन समिती. समितीचा अध्यक्ष उद्योगातला माणूस. त्या समितीच्या रचनेत उद्योगवाले आहेत, रोजगार अधिकारी आहेत, शिक्षक आहेत, आणि विद्यार्थ्यांचा एक प्रतिनिधीही आहे. म्हणजे खुर्ची कागदावर आहे. प्रश्न एवढाच, की त्या खुर्चीवर कोणतं पोरगं बसवतात, बसवतातच का, आणि बसल्यावर त्याला बोलू देतात का.

ही गोष्ट आपण शेतकऱ्यांनी मातीच्या नमुन्यावरून समजून घ्यावी.

नमुना कसा घेतात हे सगळ्यांना ठाऊक आहे, तरी उजळणी करू. शेतात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणं निवडायची. वरचा काडीकचरा बाजूला सारायचा. इंग्रजी व्ही अक्षरासारखा वीत-सव्वावीत खोल खड्डा घ्यायचा आणि कडेची माती वरपासून खालपर्यंत सारखी खरवडून घ्यायची. सगळी एकत्र करून चार भाग, समोरासमोरचे दोन काढून टाकायचे, असं करत अर्धा किलो उरवायची. कुठली घ्यायची नाही? बांधाजवळची, झाडाखालची, विहिरीजवळची, जनावरं बसतात तिथली, आणि शेणखताचा ढीग टाकला होता तिथली. उकिरड्याजवळची माती प्रयोगशाळेत गेली की अहवाल झकास येतो. सेंद्रिय कर्ब भरपूर, नत्र भरपूर. आपण खुश. आणि उरलेलं सगळं शेत उपाशी.

पोरांना विचारायचं ठरलं की आपल्याकडं बहुतेक वेळा उकिरड्याजवळचाच नमुना घेतला जातो. जो नीट बोलतो, ज्याचे कपडे बरे आहेत, ज्याचा बाप ओळखीचा आहे, जो पहिला आलाय, तो विद्यार्थी प्रतिनिधी. त्याला विचारलं, "काही अडचण?" तो म्हणतो, "नाही सर." त्याला खरंच नसते. अहवाल झकास येतो.

कृषीवाल्या मित्रांना आणखी एक नियम माहीत आहे. शेतात चोपण तुकडा असेल, पाणथळ तुकडा असेल, तर त्याचा नमुना वेगळा काढायचा. चांगल्या मातीत मिसळायचा नाही. मिसळला तर चांगल्या तुकड्याचंही खरं कळत नाही आणि वाईट तुकड्याचंही नाही. सरासरी निघते, आणि सरासरीवर टाकलेलं जिप्सम दोन्हीकडं वाया जातं. तसंच ज्या पोरांची अवस्था निराळी आहे, त्यांना निराळं विचारावं लागतं. शंभर जणांच्या वर्गात फॉर्म वाटून चालत नाही.

म्हणून मी मागच्या एप्रिल-मे मध्ये, ऊसतोडीची माणसं गावाकडं परत आल्यावर, माझ्या परीनं नमुने घेतले. कुणाच्या ऑफिसात नाही. पारावर, गोठ्यापाशी, बसथांब्यावर. शिक्षक समोर नाहीत, बाप समोर नाही. लिहून घेणं नंतर घरी येऊन. बारा पोरं आणि सात पोरी. त्यातल्या तिघांचं सांगतो. नावं लिहीत नाही, गाव लहान आहे.

पहिला ऊसतोड कामगाराचा पोरगा. दहावी पास, आयटीआयला फिटरला नंबर लागला. ऑगस्टमध्ये वर्ग सुरू झाले. दिवाळी झाली की आईबाप कारखान्याला निघाले. घरी म्हातारी आजी आणि दोन लहान भावंडं. मुकादमाची उचल घेतलेली, कोयता कमी पडला की फिटत नाही. आयटीआयला ऐंशी टक्के हजेरी लागते. तो नोव्हेंबरात गेला तो एप्रिलात आला. नाव कमी झालं. मला वाटलं, हा आता म्हणेल की हजेरी माफ करा, नाहीतर वसतिगृह द्या. वसतिगृहाचं म्हणालाच. पण पुढं जे म्हणाला ते मी वहीत तसंच लिहून ठेवलंय. म्हणाला, "तात्या, मायबाप ज्या कारखान्यावर ऊस तोडत्यात, त्या कारखान्यात बी फिटर असत्यातच की. मला तिथंच शिकाया लावा. हजेरी तिथं घ्या."

आता यावर विचार करा. सतरा जणांच्या बैठकीत हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं, माझ्याही नाही. १९६१ चा शिकाऊ उमेदवारी कायदा आहे. तीस किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असलेल्या आस्थापनेनं अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेतलेच पाहिजेत असं त्यात आहे. साखर कारखाने त्यात बसतात. आयटीआयमध्ये ड्युअल सिस्टीम नावाची सोयही आहे, थोडे महिने वर्गात आणि थोडे महिने प्रत्यक्ष कारखान्यात. म्हणजे त्या पोरानं मागितलं त्यातलं काहीच कायद्याबाहेरचं नाही. फक्त कारखान्यातले महिने हंगामाला जोडून घ्यायचे. नोव्हेंबर ते मार्च. गव्हाण, मिल, पंप, बॉयलर सगळं चालू असतं तेव्हा. ज्या साच्यात हे बसतं तो साचा आधीपासून आहे, पण तो कोणत्या महिन्यात वापरायचा हे फक्त उसाच्या फडातनं आलेल्या पोरालाच सुचलं.

दुसरी एक पोरगी. तिला इलेक्ट्रिशियनला नंबर लागला होता. दोन वर्षांचा ट्रेड. सुटी व्हायची पाचला, आमच्या रस्त्याची एसटी साडेचारला आणि पुढची साडेसातला. बाप म्हणाला, अंधारात थांब्यावर बसायचं नाही, जवळच्या गावात शिवणक्लास लाव. ती म्हणाली, "आमच्या गल्लीत शिलाई मशीन सहा हायत, तात्या. आणि मोटार भरणारा आख्ख्या गावात एक नाय." बरोबर आहे. पेरणीच्या तोंडाला, भिजवणीच्या तोंडाला व्होल्टेज कमी-जास्त झालं की मोटार जळते. ती काढायची, तालुक्याला न्यायची, वाइंडिंगला दोन-तीन दिवस, तोवर पीक सुकतं. आता शेतोशेती सौरपंप बसतायत, त्याचा कंट्रोलर बिघडला की माणूस कधी येईल याचा भरवसा नाही. गावातच शिकलेली पोरगी असेल तर फायदा तिचा एकटीचा आहे का? माझ्या कांद्याचा आहे. सरकारला वाटलं असेल की मुलींना या ट्रेडची आवड नाही. आवडीचा प्रश्नच नव्हता, बसच्या वेळेचा होता. प्रवेशाच्या आकड्यात बसची वेळ दिसत नाही.

तिसरा पारधी वस्तीवरचा पोरगा, वीस-एकवीसचा. आठवीत शाळा सुटली. ठिबकच्या कामावर जातो. माझ्या मोसंबीचं ठिबक त्यानंच बसवलं. लॅटरल कशी धुवायची, ॲसिड किती सोडायचं, सँड फिल्टर उलटा कसा मारायचा, व्हेंचुरी का ओढत नाही, हे त्याला हातानं कळतं. पंपाच्या आवाजावरून सांगतो की फूट व्हॉल्व्ह हवा खातोय. पण कागद कसलाच नाही. त्यामुळं ठेकेदाराकडं हेल्पर म्हणूनच रोज मिळतो. त्याला मी कोर्सचं विचारलं, तर म्हणाला, "मला येतंय ते आधी मोजा. मग राहिलंय ते शिकवा. पहिल्यापासनं बसवाल तर माझा रोज कोण देणार?" कौशल्य विकास योजनेत हीच सोय आहे. आधी शिकलेलं तपासून प्रमाणपत्र द्यायचं, सुरुवातीपासून कोर्स करायची गरज नाही. त्याच्यापर्यंत ही गोष्ट पोचली नव्हती. पुस्तकाबद्दल त्यानं आणखी एक सांगितलं. मित्राचं ट्रेडचं पुस्तक त्यानं चाळलं होतं. म्हणाला, "मराठीत हाय म्हणत्यात, पर मला इंग्रजीगतच वाटलं." ज्या वस्तूला सगळं गाव सर्किट म्हणतं तिला पुस्तकात परिपथ म्हटलं की पोराला वाटतं आपल्याला येत नाही.

तिघांच्या बोलण्यात एक गोष्ट सारखी आहे. तिघांपैकी कुणीही फुकट काही मागितलं नाही. महिना, बसची वेळ आणि मोजणीची पद्धत, एवढंच मागितलं. यातलं काही कोट्यवधीचं नाही.

जुलैत पुढची बैठक झाली. मी आधीच कळवलं होतं की पोरांना घेऊन येतो, आणि बोलावणाऱ्यांनी मोठ्या मनानं हो म्हटलं. ऊसतोडवाला पोरगा आणि ती पोरगी दोघंही आली. ठिबकवाला आला नाही, त्याचा त्या दिवशीचा रोज बुडत होता. मी रोज द्यायला तयार होतो, तो नको म्हणाला. इथंच एक धडा मिळाला. बैठकीला येणाऱ्या पगारदाराचा पगार चालू असतो, आणि ज्याच्याविषयी बैठक आहे त्याचा रोज बुडतो. गरीब पोरांना बोलवायचं तर त्या दिवसाचा रोज आणि गाडीभाडं हे बैठकीच्या खर्चातच धरलं पाहिजे, चहा-बिस्किटं धरतो तसं. उपकार म्हणून दिलं तर पोरगं घेत नाही.

पोरगा उभा राहिला, दोन मिनिटं त्याला बोलताच येईना. मग शेजारी ती पोरगी होती, तिनं तिचं सांगायला सुरुवात केली, आणि ती बसल्यावर हा बोलला. दोघं होती म्हणून बोलली. एकटं असतं तर "काही अडचण नाही सर" म्हणून बसलं असतं. म्हणून मी म्हणतो, खुर्ची एक देऊ नका, किमान दोन द्या, आणि त्यातली एक पोरीची.

पुढं काय झालं? बसचं काम झालं. चार ग्रामपंचायतींचे ठराव आणि आयटीआयला जाणाऱ्या-जाऊ इच्छिणाऱ्या पोरींची यादी आगाराला दिली. दीड महिन्यात साडेचारची गाडी सव्वापाचला झाली. ऑगस्टमध्ये आमच्या रस्त्यावरच्या चार पोरी इलेक्ट्रिशियन आणि वायरमनला लागल्या. बोलणारी पोरगी त्यात आहे. ठिबकवाल्या पोराची परीक्षा अजून झालेली नाही, पण नोंद झाली आहे. आणि कारखान्यात शिकायचं? ते इतिवृत्तात आलं, 'पुढील कार्यवाहीसाठी वर पाठवावे' असा शेरा बसला, आणि अजून तिथंच आहे. तो पोरगा दिवाळीनंतर परत फडात गेला. एप्रिलात आला. या वर्षी पुन्हा फॉर्म भरणार आहे. वय वाढतंय. अजून एक हंगाम गेला तर तो पूर्ण कोयता होईल, लग्न होईल, आणि मग शिकणं संपलं.

आता आपल्या आपल्यात एक कडू गोष्ट बोलू. ही नोंद वाचणारे बहुतेक जण शेतमालक आहेत. तुमच्या मनात जे येतंय ते मला दोघा-तिघांनी तोंडावर विचारलं: "तात्या, ही पोरं शिकून गेली तर खुरपायला, वेचायला कोण येणार?" प्रश्न खोटा नाही. कापूस वेचायला माणूस मिळत नाही हे मीही सोसतो. पण माझं म्हणणं असं आहे. ज्याला शिकायची संधी नाही, तो आपल्याकडं टिकतो असं कुठं दिसतंय? तो पुण्याला वॉचमन म्हणून जातोच आहे. उलट मोटार भरणारा, ठिबक बघणारा, ट्रॅक्टर दुरुस्त करणारा गावात राहतो, कारण त्याला गावातच गिऱ्हाईक आहे. आणि दुसरं म्हणजे, दुसऱ्याच्या पोराला अडाणी ठेवून आपली शेती चालणार असेल, तर आपल्या शेतीचंच गणित तपासावं लागेल.

अडाणी ठेवायची किंमत आपण बघितली आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त माणसं गेली. त्यात मजुरीनं फवारणाऱ्यांची संख्या मोठी होती. फवारणीची शिबिरं त्याआधी होत नव्हती असं नाही. पण शिबिराला आपण सातबारावाल्यांना बोलावतो आणि पंप पाठीवर असतो मजुराच्या. कृषी विज्ञान केंद्रांच्या शास्त्रीय सल्लागार समितीत शेतकरी प्रतिनिधी असतात, ही चांगलीच गोष्ट आहे. माझी कृषीवाल्या मित्रांना विनंती आहे, की त्या यादीत एक फवारणारा मजूर आणि एक शाळा सुटलेला तरुणही बसवून बघा. औषधाच्या बाटलीवरचा लाल-पिवळा त्रिकोण त्याला कसा समजतो, हातमोजे तो का घालत नाही, हे तोच सांगेल. उन्हात हातमोज्यानं घाम येतो आणि नोझल सुटत नाही, हे मला एका मजुरानंच सांगितलं.

ही मागणी नवी नाही. १८८२ साली सरकारनं शिक्षणाचा विचार करायला हंटर आयोग नेमला. त्या आयोगापुढं जोतिराव फुल्यांनी निवेदन दिलं. रयतेच्या पैशातून सरकारचा महसूल उभा राहतो आणि शिक्षणाचा खर्च मात्र वरच्या वर्गांसाठी होतो, हे त्यांनी रोखठोक मांडलं. खेड्यातल्या पोरांच्या प्राथमिक शाळेत काय शिकवावं हेही सांगितलं, आणि त्यात शेतीचं प्राथमिक ज्ञान होतं. पुढच्याच वर्षी त्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिलं. म्हणजे ज्यांच्यासाठी धोरण आहे त्यांच्या बाजूनं धोरण ठरवणाऱ्यांपुढं उभं राहायचं काम आपल्या मातीत सुरू होऊन एकशे चाळीस वर्षं उलटून गेली. तेव्हा जोतिरावांना रयतेच्या पोरांच्या वतीनं बोलावं लागलं, कारण पोरांना लिहिता-वाचता येत नव्हतं. आज पोरं दहावी आहेत, मोबाइल हातात आहे. आज तरी त्यांचं त्यांना बोलू द्यावं.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात धंदेशिक्षणावर बराच भर आहे. सहावी ते आठवीत दहा दिवस दप्तराविना, स्थानिक सुतार, माळी, कुंभार यांच्याकडं शिकायला जायचं, असंही त्यात आहे. मला हे आवडलं. ते धोरण करताना अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत विचारणा झाली असं सरकारनं सांगितलं. आमच्या ग्रामसभेत शाळा सुटलेल्या पोराला कुणी उठवून विचारल्याचं मला तरी आठवत नाही. पण त्यासाठी दिल्लीकडं बोट दाखवून काय उपयोग? ग्रामसभा आपलीच आहे.

करून दाखवलेलं काम बघायचं असेल तर पुणे जिल्ह्यातलं पाबळ बघा. डॉ. कलबाग नावाच्या शास्त्रज्ञानं १९८३ साली तिथं विज्ञान आश्रम काढला. शाळा सुटलेली पोरं, काम करता करता शिकणं, वेल्डिंग, बांधकाम, वीज, शेती-पशुपालन सगळं. शिकणं गावाच्या कामातून, गावाला उपयोगी पडत. तिथं पोरगं काय करतं हे बघून शिकवणं ठरतं. मोठ्या धोरणानं हेच ऐकून घ्यायचं आहे.

आता करायचं काय? मला सुचलं ते सरळ सांगतो.

एक. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेआधी गावात पोरांची सभा घ्या. 'आमचं गाव, आमचा विकास' आराखड्यात बालसभा, महिला सभा, वंचित घटकांची सभा घ्यायची पद्धत आहेच. ती फक्त सह्यांपुरती करू नका. शाळा सुटलेल्या, आयटीआय सोडलेल्या पोरांना त्यात मुद्दाम बोलवा. त्यांना विचारा: का सोडलं? कोणत्या महिन्यात सोडलं? महिना विचारायला विसरू नका, महिन्यात निम्मं उत्तर असतं.

दोन. ते ऐकून ग्रामसभेत ठराव करा आणि जवळच्या आयटीआयच्या व्यवस्थापन समितीला, आगाराला, कारखान्याला पाठवा. एका गावाचा ठराव फायलीत जातो, चार गावांचा वाचला जातो.

तीन. तुमच्या ओळखीचं कुणी अशा समितीवर असेल तर त्याला विचारा, विद्यार्थी प्रतिनिधीची खुर्ची भरली आहे का आणि कुणानं भरली आहे. दोन पोरं, एक पोरगी, आणि निदान एक जण शिक्षण मध्येच सुटलेला.

चार. पोरांनी जे मागितलं त्याचं उत्तर तीन महिन्यांत द्यायचं, हो की नाही. 'नाही' असेल तर का नाही, तेही सांगायचं. पोरगं एकदा बोललं आणि उत्तर आलं नाही, तर ते दुसऱ्यांदा बोलत नाही.

पाच. साखर कारखान्याचे सभासद असाल तर वार्षिक सभेत एवढं विचारा: आपण किती शिकाऊ उमेदवार घेतले, आणि त्यात आपला ऊस तोडणाऱ्यांची पोरं किती? मी आमच्या कारखान्याच्या सभेत विचारणार आहे. प्रश्न लेखी द्यायचा आहे, तो लिहून ठेवलाय. त्या पोराला वाचून दाखवला. त्यानं एक शब्द बदलायला लावला. मी 'ऊसतोड मजुरांच्या पाल्यांना संधी द्यावी' असं लिहिलं होतं. तो म्हणाला, "संधी नको लिवू तात्या, 'जागा' लिवा. संधी म्हंजी काय ते कुणालाच मोजता येत न्हाई." शब्द बदलला.

शेवटी कामाचं. आयटीआयचे ऑनलाइन प्रवेश आता सुरू होतील. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, बँक खातं, हे आत्ताच तयार ठेवा. तलाठ्याकडं, सेतूत नंतर गर्दी होते. आणि स्वतःच्या पोराचा फॉर्म भरायला जाल तेव्हा गाडीवर मागं जागा असते. ज्याच्या घरात कुणी सांगणारं नाही असं एक पोरगं सोबत घेऊन जा. पसंतीक्रम त्यालाच भरू द्या.

पाऊस वेळेवर येऊ दे. मातीचा अहवाल आला की पुढच्या नोंदीत खताचं बोलू.